नवे मांस, नवी प्रथिने आणि आपले मज्जातंतू

उरण तालुक्यातील जासई हे लोकनेते दि. बा. पाटील यांचे जन्मगाव म्हणून महाराष्ट्राला परिचित आहे. जानेवारी १९८४ मध्ये जमिनीच्या रास्त मोबदल्यासाठी झालेल्या आंदोलनात या परिसरातील पाच जण पोलिसांच्या गोळीबारात हुतात्मा झाले. आज जासईच्या आजूबाजूस कंटेनर यार्ड, गोदामे आणि रुंद रस्ते आहेत. शिवडीहून निघालेला अटल सेतू जवळच चिर्ले येथे उतरतो. कामधंद्यानिमित्त या भागात आलेल्या कुटुंबांत आपली काही मराठी कॅथलिक कुटुंबेही आहेत. मूळ श्रीरामपूरकडील अशाच एका कुटुंबात घराच्या आशीर्वादविधीसाठी आमचे जाणे झाले. जेवणाच्या वेळी तेथे निघालेला एक प्रश्न या लेखास कारणीभूत झाला आहे.

गोदामात नोकरी करणाऱ्या मुलाने विचारले, "फादर, आता कोंबडी न मारताच कोंबडीचे मांस तयार करतात म्हणे. प्रायश्चित्तकाळातल्या शुक्रवारी ते चालेल का?" सारे हसले. मात्र त्याची आई हसली नाही. हरेगावच्या मतमाउलीला केलेल्या नवसामुळे त्या बाईंनी तीन वर्षांपासून मांस, मासे व अंडी सोडली होती. दूध त्यांना पूर्वीपासूनच आवडत नसे. आई अशक्त होऊ नये म्हणून मुलगा सोयाबीनच्या वड्या आणि प्रथिनांच्या पावडरीचे डबे आणून देत असे. तरीही त्यांच्या तळपायांना सतत मुंग्या येत, आणि रात्री अंधारात चालताना भिंतीचा आधार घ्यावा लागे. हे सारे वयामुळे होते असे घरच्यांनी मानले होते. प्रश्न मुलाचा होता, परंतु त्याचे खरे उत्तर आईच्या दुखण्यात दडलेले होते, असे आम्हांस मागाहून उमगले.

प्रथम मुलाच्या प्रश्नाकडे वळू. जिवंत प्राण्याच्या स्नायूतून सुईने काही पेशी काढतात. मोठ्या पोलादी टाकीत साखर, अमिनो आम्ले, क्षार व जीवनसत्त्वे असलेल्या द्रवात त्या पेशी ठेवल्या, की त्यांचे विभाजन होत राहते. पुढे या पेशींना स्नायूचे रूप दिले जाते. यालाच संवर्धित मांस म्हणतात. नेदरलँड्समधील मास्ट्रिख्ट विद्यापीठाचे प्रा. मार्क पोस्ट यांनी ऑगस्ट २०१३ मध्ये लंडनमध्ये असा पहिला बर्गर लोकांसमोर शिजवून दाखवला. त्या एका बर्गरचा खर्च सुमारे अडीच लाख युरो होता. डिसेंबर २०२० मध्ये सिंगापूरने अशा कोंबडीच्या मांसाच्या विक्रीस जगात प्रथम परवानगी दिली, जून २०२३ मध्ये अमेरिकेने दिली, तर त्याच वर्षी इटलीने बंदीचा कायदा केला.

आपल्याकडेही या विषयाचे वारे पोहोचले आहे. माटुंग्याच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेने 'गुड फूड इन्स्टिट्यूट' या संस्थेसमवेत अशा संशोधनाचे केंद्र उभारण्याची घोषणा २०१९ साली केली होती. त्याच वर्षी हैदराबादच्या पेशी व रेणुजीवशास्त्र केंद्रास केंद्र शासनाचे अनुदान मिळाले. जानेवारी २०२४ मध्ये कोचीच्या केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने एका खाजगी कंपनीशी करार करून पापलेट, सुरमई यांसारख्या माशांचे मांस पेशींपासून वाढवण्याचे काम हाती घेतले. ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने संमत केलेल्या जैवतंत्रज्ञान धोरणात तर अशा नव्या प्रथिनांना स्वतंत्र स्थान देण्यात आले आहे. म्हणजे हा विषय केवळ परदेशी कुतूहलाचा राहिलेला नाही.

या सर्व प्रयत्नांच्या जाहिरातीत एक शब्द सतत कानी पडतो : प्रथिने. शंभर ग्रॅममध्ये किती ग्रॅम प्रथिने, हे डब्यावर ठळक छापलेले असते. परंतु मांसमासळीतून आपल्याला केवळ प्रथिनेच मिळत नसतात. मेंदू, मज्जारज्जू आणि मज्जातंतू यांच्यासाठी अत्यावश्यक असलेले ब-१२ जीवनसत्त्वही आपल्याला त्यांतून मिळते. विजेच्या तारेवर जसे रबराचे वेष्टन असते, तसे मज्जातंतूंवर एक स्निग्ध आवरण असते. ब-१२ कमी पडले की हे आवरण झिजू लागते. हातापायांना मुंग्या येतात, बधिरता येते, तोल जातो, विस्मरण होते, स्वभाव चिडचिडा होतो. उपचारास फार विलंब झाला तर ही हानी कायमची राहू शकते. प्रौढ माणसाला दिवसाकाठी जेमतेम दोन ते अडीच मायक्रोग्रॅम ब-१२ लागते. यकृतात त्याचा साठा असल्याने उणीव लगेच जाणवत नाही. दोन, चार, कधी पाच वर्षांनी ती प्रकट होते. म्हणूनच खाण्यातील बदल आणि दुखणे यांचा संबंध कुणाच्या ध्यानात येत नाही.

येथे एक गोष्ट समजून घेणे अगत्याचे आहे. ब-१२ कोणतीही वनस्पती तयार करत नाही, आणि कोणताही प्राणीही तयार करत नाही. ते तयार करतात सूक्ष्म जीवाणू. गाईच्या पोटातील जीवाणू ते बनवतात आणि तेथून ते तिच्या मांसात व दुधात उतरते. समुद्रात ते जीवाणूंपासून शेवाळ व सूक्ष्म जीवांमार्फत कालवे, तिसऱ्या, जवळा आणि मासळीपर्यंत पोहोचते. टाकीत वाढणाऱ्या स्नायूपेशीला मात्र पोट नाही आणि समुद्रही नाही. तिच्या द्रवात मुद्दाम ब-१२ घातले आणि तिने ते शोषून घेतले, तरच ते त्या मांसात येणार. दिसायला मांस, चवीलाही मांस, पण मज्जातंतूंना हवे ते त्यात असेलच असे नाही. सोयाबीन व वाटाण्यापासून केलेल्या 'मांसा'त तर वरून मिसळल्याखेरीज ब-१२ नसतेच. स्पिरुलिनाच्या गोळ्यांत ते भरपूर असल्याचे सांगितले जाते; पण त्यातील बहुतांश पदार्थ ब-१२ सारखा दिसणारा असून मानवी शरीरास निरुपयोगी असतो.

हे महाराष्ट्रात किती जिव्हाळ्याचे आहे, ते पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयाच्या संशोधन केंद्रातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक व त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले. १९९३ पासून त्यांनी पुण्याजवळील सहा खेड्यांतील मातांचा व पुढे त्यांच्या मुलांचा अभ्यास चालवला. तेव्हा सुमारे दोन तृतीयांश गर्भवतींच्या रक्तात ब-१२ कमी आढळले. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या दुसऱ्या पाहणीत पुण्यातील व भोवतालच्या मध्यमवयीन पुरुषांपैकी ६७ टक्के पुरुषांत ही उणीव दिसली. शहरी मध्यमवर्गात तर हे प्रमाण ८१ टक्के होते. म्हणजे हा निव्वळ गरिबीचा आजार नव्हे. गरोदरपणी ज्या मातांच्या रक्तात ब-१२ फार कमी होते, त्यांची मुले नऊ वर्षांची झाल्यावर लक्ष एकाग्र करणे व अल्पकालीन स्मरण यांच्या चाचण्यांत मागे पडल्याचेही या अभ्यासात आढळले. आणखी एक धोका : केवळ फॉलिक आम्लाच्या गोळ्या घेतल्या तर रक्तक्षय सुधारल्यासारखा वाटतो, पण मज्जातंतूंची हानी आत चालूच राहते.

प्रथिने भरपूर आणि तरीही मज्जारज्जू पंगू, असा याहून दारुण इतिहास विदर्भ-मध्य भारताला ठाऊक आहे. भंडारा-गोंदियाकडे उभ्या भाताच्या ओलीवर लाखोळीची डाळ पेरतात. पाणी नसले तरी ती येते, आणि तिच्यात तुरीपेक्षाही अधिक प्रथिने असतात. गरिबांचे असे स्वस्त प्रथिन दुसरे कोणते? परंतु दुष्काळात दोन-तीन महिने मुख्य अन्न म्हणून तीच पोटात गेली, की धडधाकट तरुणांचे पाय ताठरत, ते काठीवर येत आणि पुढे सरपटत. सागर भागातील अशा साथीची नोंद कर्नल स्लीमन याने १८४४ च्या आपल्या ग्रंथात केली आहे. रीवा संस्थानात वेठबिगारांना मजुरी म्हणूनच ही डाळ दिली जात असे, हे वाचताना आजही मन विषण्ण होते. १९४२-४३ मध्ये युक्रेनमधील वाप्नियार्का येथील छळछावणीत ज्यू कैद्यांना याच जातीचे वाटाणे खायला घातले गेले आणि शेकडो माणसे पंगू झाली. कैद्यांपैकीच एक असलेल्या डॉ. आर्थर केसलर यांनी त्याचे कारण ओळखले. भारत सरकारने १९६१ साली या डाळीच्या विक्रीवर बंदी घातली, आणि १९६४ मध्ये भारतीय शास्त्रज्ञांनी तिच्यातील मज्जातंतूंस घातक असे अमिनो आम्ल वेगळे करून दाखवले. ही डाळ भिजवून पाणी फेकून दिले व इतर धान्यांबरोबर थोडी खाल्ली तर धोका बराच कमी होतो. ज्यांच्याकडे 'इतर धान्य' नव्हते तेच बळी पडले.

ब्रिटनमधील अनुभवही असाच. गवत खाणाऱ्या गाईंना स्वस्त प्रथिन म्हणून मेलेल्या जनावरांच्या मांसाहाडांचा भुगा चारला गेला. १९८६ मध्ये गाईंच्या मेंदूचा रोग आढळला आणि मार्च १९९६ मध्ये तो माणसांतही उतरल्याचे सरकारला मान्य करावे लागले.

म्हणून संशोधन नको, असे आम्ही म्हणणार नाही. टाकीत निर्मळ वातावरणात वाढलेल्या मांसात फितकृमीची अंडी वा अळ्या असण्याचा संभव जवळजवळ नसतो. या कृमीच्या अळ्या मेंदूत शिरल्याने आपल्या देशात कितीतरी लोकांना फिट्स येतात. प्राण्यांना निष्कारण यातना देणे मानवी प्रतिष्ठेस शोभत नाही, ही चर्चची शिकवण पोप फ्रान्सिस यांनी २०१५ च्या 'लाउदातो सी' या विश्वपत्रात पुन्हा मांडली, आणि त्या दृष्टीने हे काम स्वागतार्ह ठरू शकते. मानवी भ्रूणांचा विनाश करून पेशी मिळवण्यास चर्चचा जो विरोध आहे, तो येथे लागू होत नाही; कारण या पेशी कोंबडीच्या, गाईच्या वा माशाच्या असतात. आपल्या देशात अशा नव्या अन्नास विक्रीपूर्वी अन्न सुरक्षा प्राधिकरणाची मंजुरी लागते, असा २०१७ चा नियम आहे. मंजुरी देताना प्रथिनांबरोबर ब-१२, लोह आणि मेंदूस लागणारी मत्स्यस्निग्धे यांचाही हिशेब मागितला जावा, एवढेच आमचे म्हणणे.

जासईच्या अंगणात उभे राहून आणखी एक विचार मनात आल्यावाचून राहत नाही. या खाडीकाठच्या आगरी-कोळी घरांत सुका जवळा, बोंबील, निवट्या, चिंबोऱ्या, कालवे ही रोजची, बिनभांडवली खाद्ये होती. कालवे आणि तिसऱ्या यांच्याइतके ब-१२ देणारे अन्न क्वचितच सापडेल. पुढे खाड्यांवर भराव पडले. राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ साली उरण परिसरातील १,६३० मच्छिमार कुटुंबांना सुमारे ९५ कोटी रुपये भरपाई देण्याचा आदेश दिला, यावरून त्या हानीची कल्पना यावी. आता त्याच किनाऱ्यावर कधीतरी टाकीतले पापलेट विक्रीस येईल. ते कोणत्या दराने येईल आणि कोणाच्या ताटात पडेल, हे विचारण्याचा अधिकार येथील माणसांना आहे.

आता शुक्रवारच्या प्रश्नाचे उत्तर. चर्चच्या १९८३ च्या धर्मनियमसंहितेतील कलम १२५१ मांस वर्ज्य करण्यास सांगते. ते कसे तयार झाले याची चर्चा तेथे नाही. आमचे मत असे, की प्राण्याच्या पेशींपासून वाढलेले मांस हे मांसच होय. शुक्रवारी ते टाळावे. मात्र मांस वर्ज्य करण्याचा हा नियम विशिष्ट दिवसांचा आहे, वर्षानुवर्षांचा नाही, आणि आजारी माणसाने प्रकृतीची हानी करून तो पाळावा अशी चर्चची अपेक्षा नाही.

त्या बाईंनी डॉक्टरांकडे जाऊन रक्त तपासून घेतले. ब-१२ फारच कमी निघाले. इंजेक्शने सुरू झाल्यावर काही महिन्यांत त्यांचा तोल बराच सावरला. उजव्या पायाची बधिरता अजून थोडी आहे. नवसाचे काय, ही त्यांची खरी चिंता होती. कलम ११९६ नुसार योग्य कारण असल्यास वैयक्तिक नवसातून मुक्त करण्याचा अधिकार धर्मग्रामाच्या प्रमुख धर्मगुरूंना आहे, हे त्यांना ठाऊक नव्हते. त्यांनी आपल्या धर्मगुरूंची भेट घेतली. मांसाहार सोडण्याच्या जागी आता त्या दर शनिवारी परिसरातील एका अंथरुणास खिळलेल्या वृद्धेचे जेवण करून देतात.

मुंग्या येण्याची कारणे अनेक असतात, मधुमेह हे त्यांतील एक. शिवाय मधुमेहावरील मेटफॉर्मिन हे औषध दीर्घकाळ घेतल्यानेही ब-१२ कमी होते. तेव्हा ज्या घरी कोणी नवसामुळे, आवडीमुळे वा दातांच्या तक्रारीमुळे मांस, मासळी, अंडी व दूध सोडले असेल, किंवा गर्भवती सून शाकाहारी असेल, त्या घरच्यांनी पुढील वेळी डॉक्टरांकडे गेल्यावर ब-१२ च्या तपासणीविषयी अवश्य विचारावे. पावडरीचा डबाही सोबत न्यावा आणि त्यावरील बारीक अक्षरे डॉक्टरांना दाखवावीत.