फुंकर

शुक्रवारी अंधेरीच्या ऑफिसमधून सुटायचं, लोकलमध्ये स्वतःला कोंबायचं आणि बोरिवलीला ताईकडे जाऊन गरमागरम मॅगी हाणायची, हा माझा ठरलेला वीकेण्ड. त्या दिवशी माझी सहा वर्षांची भाची मॅगीवर जोरजोरात फुंकर घालत होती आणि अचानक तिच्या उजव्या हातातला काटा गळून पडला. हात उचलेचना! "नाटकं नकोत हं," असं मीच म्हटलं. पाच मिनिटांत हात पूर्ववत. आधी एकदा रडतानाही असंच झालेलं. तेव्हा अशक्तपणा म्हणून टॉनिक मिळालं होतं.

एमआरआय आणि अँजिओग्राफीनंतर नाव कळलं, मोयामोया. मला आधी सुशीचाच प्रकार वाटला! शब्द जपानीच आहे. मेंदूला रक्त नेणाऱ्या मुख्य धमन्या कवटीच्या तळाशी हळूहळू अरुंद होतात. हायवे तुंबला की रिक्षावाला गल्लीबोळ शोधतो, तसं रक्तही बारीक, नाजूक वाहिन्यांमधून वाट काढतं. अँजिओग्राफीत त्यांचं जाळं धुरासारखं धूसर दिसतं. म्हणून सुझुकी आणि ताकाकु यांनी १९६९मध्ये या आजाराला हे नाव दिलं.

आणि फुंकर? सारखं फुंकलं किंवा हमसून रडलं की शरीरातला कार्बन डायऑक्साइड घटतो, मेंदूतल्या रक्तवाहिन्या आकसतात आणि तोकडा रक्तपुरवठा आणखी कमी पडतो. हात लुळा पडतो, बोलणं अडखळतं, मग आपोआप ठीक. घरच्यांना वाटतं, गेलं एकदाचं. खरं तर तो स्ट्रोकचा इशारा असतो.

गुठळ्या होऊ नयेत म्हणून डॉक्टर अ‍ॅस्पिरिन देतात, पण त्याने धमनी रुंद होत नाही. मेंदूचा रक्तपुरवठा वाढवायला ऑपरेशन. कानशिलावर बोट ठेवून बघा, ठोके लागतात ना? मोठ्यांमध्ये ती धमनी बहुतेकदा मेंदूवरच्या धमनीला थेट जोडतात. मुलांच्या वाहिन्या फारच बारीक, म्हणून अनेकदा ती मेंदूच्या पृष्ठभागावर नुसती टेकवून ठेवतात. तिला नवे फाटे फुटायला काही महिने लागतात. तोवर सगळ्यांचा जीव टांगणीला.

भाचीची दोन्ही बाजूंची ऑपरेशन्स झाली. आता भरपूर पाणी प्यायचं आणि तिला शक्यतो रडू द्यायचं नाही! ताई म्हणते, "मग गणिताचा अभ्यास कसा घेऊ?"

सातव्या वाढदिवसाला फुगे पंपाने फुगवले. केकवर मेणबत्ती नव्हती. मॅगी मात्र होती. वर्तमानपत्राने वारा घालून मीच ती गार केली.