कुकरचं झाकण काढून दाखवा

पुण्याजवळच्या मांजरी बुद्रुकच्या एका शाळेत आठवीचा चित्रकलेचा तास चालू आहे. टेबलावर निळी चादर, तिच्यावर पितळी तांब्या, वाटी आणि दोन कांदे. मुलांनी एक डोळा मिटून, हात ताणून पेन्सिल समोर धरली आहे. नखाने तांब्याची उंची पकडायची आणि रुंदी तिच्या किती पट भरते ते बघायचं. हा सगळा खटाटोप एलिमेंटरीसाठी. कला संचालनालयाच्या या परीक्षेत वस्तुचित्राचा स्वतंत्र पेपर असतो. पुढे इंटरमिजिएटला श्रेणी मिळाली की दहावीत 7, 5 किंवा 3 गुण वाढतात. चित्रकलेचा विषय निघाला की पालकही आधी या गुणांचंच विचारतात.

बाकांमधून फिरलं की एक चूक कागदामागून कागदावर दिसते. तांब्याचं तोंड सगळ्यांनी लंबगोल काढलंय, बूड मात्र सरळ रेघेत. टेबल सपाट आहे हे मुलांना पक्कं ठाऊक असतं, त्यामुळे हात डोळ्यांचं ऐकत नाही. सर एका कागदाशी थांबतात. "तोंड वरून दिसतंय ना तुला? मग बूड त्याच्याही खाली आहे. ते जास्त वरून दिसणार. तिथली गोलाई आणखी भरीव हवी." मुलगा पुन्हा तांब्याकडे बघतो, या वेळी जरा संशयाने, आणि खोडरबर मागतो.

इथवर सगळं शाळा-शाळांतून चालतं तसंच. गंमत पुढे आहे. तासाची शेवटची वीस मिनिटं उरली की तांब्या उचलला जातो आणि त्याच्या जागी आतून झाकण बसणारा प्रेशर कुकर येतो. काम एवढंच: ज्याने जन्मात कुकर पाहिला नाही, त्याला चित्र बघून झाकण लावता आलं पाहिजे. एकही शब्द लिहायचा नाही.

"सर, शेडिंग करायचं?"

"आधी झाकण आत कसं जातं ते दाखव, मग बघू."

हे झाकण भलतंच अवघड गिऱ्हाईक आहे. ते लंबगोल असतं, तिरकं करून आत सोडावं लागतं, आत गेल्यावर फिरवून आडवं करायचं आणि वर ओढून दांड्यावर दांडा आणायचा. वाफ धरली की ती झाकणाला आतून काठावर दाबून ठेवते, म्हणून दाब उतरेपर्यंत ते निघत नाही. रोज घरी बघितलेली गोष्ट, पण कागदावर उतरवताना निम्मा वर्ग पेन्सिल चावत बसतो.

वर्गात जिचं शेडिंग सर्वांत देखणं, तिने कुकर अगदी लखलखीत काढला. स्टीलवरची चमकसुद्धा सोडली नाही. शेजारणीने तो कागद हातात घेतला, झाकण उचललं आणि वरून ठेवून दिलं. चित्रात तसंच तर दिसत होतं! दुसऱ्या एका मुलाची रेघ वाकडीतिकडी, पण त्याने कुकर उभा कापलेला दाखवला आणि एकाखाली एक तीन चित्रं काढली: झाकण तिरकं, झाकण आत, झाकण वर. आत दडलेला भाग तुटक रेघेने. अडलं फक्त बाणापाशी. गोल बाण बघून मित्राने झाकणाऐवजी कुकरच फिरवला. मग चित्रात झाकणाचा दांडा धरलेला हात आला आणि प्रश्न मिटला.

चांगलं चित्र आणि सांगणारं चित्र यांत अंतर पडतं ते असं. एरवी हीच मुलं विज्ञानाच्या पेपरात सुबक, नामनिर्देशित आकृती काढतात. पण ती पुस्तकातून पाठ केलेली असते. काय दाखवायचं, काय गाळायचं, कुठून कापायचं, हे पुस्तकाने आधीच ठरवून दिलेलं असतं. कुकरच्या बाबतीत ते मुलाला स्वतः ठरवावं लागतं.

साध्या वस्तूला असे प्रश्न विचारण्याला मोठी परंपरा आहे. चार्ल्स आणि रे ईम्स या अमेरिकन डिझायनर जोडप्याने 1958 मध्ये भारत सरकारला अहवाल दिला. त्यात त्यांनी सर्वाधिक कौतुक केलं ते आपल्या लोट्याचं. तो डोक्यावर, कमरेवर, हातात कसा पेलतो, भरल्यावर तोल कुठे जातो, आतून घासायला हात पोचतो का, असे प्रश्न त्यांनी मांडले. पुढे 1961 मध्ये अहमदाबादला राष्ट्रीय डिझाइन संस्था उभी राहिली, 1969 मध्ये पवईला आयआयटीत आयडीसी हे डिझाइन शिकवणारं केंद्र सुरू झालं. यूसीड या डिझाइन प्रवेशपरीक्षेत आता हाताने चित्र काढण्याचा भाग असतो. म्हणजे अठराव्या वर्षी हे यायला हवं अशी अपेक्षा आहे; तेराव्या वर्षी शिकवायचं मात्र कुणाच्या वेळापत्रकात नाही. त्यात चित्रकलेचा तास गणिताने कधी गिळला हेही कळत नाही.

मांजरीत वस्तूंना तोटा नाही. इथे राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र आहे, वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट आहे, भाजीचा उपबाजार आहे. घरून वस्तू आणा म्हटल्यावर एका मुलीने द्राक्षाच्या विरळणीची कात्री आणली. पाती निमुळती, मध्ये स्प्रिंग. तिने कात्री एकदाच काढली आणि उरलेला कागद घडाला दिला: दाटीतला एक मणी कापला जातोय, शेजारच्यांना टोक लागत नाहीये. पाती एवढी बारीक कशासाठी, हे विचारायची कुणाला गरज पडली नाही.

एलिमेंटरीचा पेपर काढणाऱ्यांना एवढीच विनंती: तांब्या राहू द्या, तोही हवाच. त्याच्या जोडीला दहा गुणांचा एक प्रश्न घाला, वस्तू कशी वापरतात ते शब्दांविना काढून दाखवा. प्रश्न पेपरात आला की तास आपोआप मिळेल.