चार गाणी, पावणेदोन किलोमीटर

'येस' या ब्रिटिश प्रोग्रेसिव्ह रॉक बँडचा 'टेल्स फ्रॉम टोपोग्राफिक ओशन्स' हा १९७३चा अल्बम ८१ मिनिटांचा आहे. गाणी चार. बीटल्सच्या १९६८च्या दुहेरी अल्बममध्ये ९३ मिनिटांत ३० गाणी होती, आणि रामोन्सनी १९७६मध्ये २९ मिनिटांत १४ गाणी उरकली.

एलपी तबकडी मिनिटाला ३३⅓ फेरे घेते. म्हणजे 'टेल्स'च्या दोन तबकड्यांच्या चारही बाजू ऐकायच्या तर सुमारे २,७०० फेरे. एका फेऱ्याची सरासरी लांबी ६५ सेंटिमीटर धरा, सुई पावणेदोन किलोमीटर चालते! एका बाजूचे सरासरी ६७५ फेरे जेमतेम साडेआठ सेंटिमीटरच्या पट्ट्यात बसतात, म्हणजे शेजारच्या दोन फेऱ्यांमध्ये साधारण मिलिमीटरचा आठवा हिस्सा. बाजू याहून फार लांबवली की खाच उथळ होते आणि आवाज दबतो.

या अल्बमवरचं भांडण बाजूच्या याच लांबीवरून आहे. एका बाजूला एक रचना, वीसेक मिनिटांची. कीबोर्डवादक रिक वेकमनची तक्रार होती की एका तबकडीसाठी ऐवज जास्त, दोनसाठी कमी, म्हणून पाणी घातलं. मँचेस्टरच्या मैफलीत त्याने मंचावरच विंदालू, भेंडीची भाजी आणि सहा पापड खाल्ले, असं तोच सांगतो. (मेनू भारतीयच हवा होता. अल्बमची कल्पना गायक जॉन अँडरसनला परमहंस योगानंदांच्या आत्मचरित्रातल्या एका तळटीपेवरून सुचली. चार बाजू म्हणजे श्रुती, स्मृती, पुराण आणि तंत्र.) ब्रिटनमध्ये अल्बम पहिल्या क्रमांकावर गेला, अमेरिकेत सहाव्या. वेकमनने १९७४मध्ये बँड सोडला.

वीस मिनिटांना आपण घाबरायचं कारण नाही. विलंबित ख्याल तेवढ्यात कधीकधी जेमतेम रंगात येतो. प्रश्न बढतीचा, म्हणजे रचना टप्प्याटप्प्याने वाढवत नेण्याचा, आहे. पहिल्या बाजूत ती आहे: सुरुवातीचा मंत्रासारखा पाठ, मग हळूहळू वर चढणाऱ्या सुरावटी. चौथ्या बाजूत ख्रिस स्क्वायरचा बास पूर्ण रचना खेचून नेतो. तिसरीची पहिली दहा-बारा मिनिटं आदळआपट, पण शेवटी स्टीव्ह हाऊची गिटार एकटी उरते तेव्हा सगळं माफ. दुसरी बाजू मात्र येते, जाते, पुन्हा तिथेच येते. माझ्या हिशेबी ८१पैकी ५५ मिनिटं भरीव आहेत. आदल्या वर्षीच्या, सर्वमान्य 'क्लोज टू द एज'ची एकूण लांबी ३८.

म्हणून 'येस'चा फसलेला अल्बम कुठला विचाराल तर मी १९७८च्या 'टॉर्मेटो'कडे बोट दाखवीन. ४१ मिनिटं, आठ गाणी, निम्मीच वाट, तरी अधिक लांब वाटते. वेकमन तोवर परतला होता. त्याचा कीबोर्ड आणि हाऊची गिटार एकाच पट्टीत एकमेकांवर ओरडतात. देवमासे वाचवा, उडत्या तबकड्या, स्वर्गातली सर्कस, सगळं येऊन जातं. स्क्वायरचं चार मिनिटांचं 'ऑनवर्ड' मात्र ठेवून घ्यावं. उरलेली ३७ मिनिटं ऐकण्यापेक्षा टोपोग्राफिकची दुसरी बाजू पुन्हा लावलेली परवडते.