सरासरीच्या आड हरवलेला ग्राहक

तुटलेल्या कॉलमागे ग्राहकाला एक रुपया, दिवसाला जास्तीत जास्त तीन रुपये, भरपाई द्यावी, असा नियम दूरसंचार नियामक प्राधिकरणाने ऑक्टोबर २०१५ मध्ये केला. ११ मे २०१६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो मनमानी ठरवून रद्द केला. कॉल तुटण्यात कंपनीचा दोष आहे की नाही, हे न पाहताच तिला दंड का, असा आक्षेप त्यामागे होता. निकाल लागला, परंतु कॉल तुटतो तो नेमका कशाने, हा प्रश्न सामान्य ग्राहकापुढे कायम राहिला.

मनोऱ्याची शक्ती अपुरी पडते, अशी सर्वसाधारण समजूत आहे. ती अर्धीच खरी. लहरींचा साठा मर्यादित, बोलणारे मात्र अगणित. म्हणून प्रदेशाची षटकोनी क्षेत्रे पाडून त्याच लहरी दूरच्या क्षेत्रांत पुन्हा वापरण्याची कल्पना बेल प्रयोगशाळेतील डग्लस रिंग यांनी १९४७ साली मांडली. पहिल्या पिढीच्या यंत्रणांत लगतच्या क्षेत्रांना वेगवेगळ्या लहरी देत. तिसऱ्या पिढीपासून शेजारची क्षेत्रेही बहुधा एकाच लहरी वापरतात. त्यामुळे एकूण क्षमता वाढली. पण तिची किंमत मोजतो तो सीमेवरचा ग्राहक.

तीन मनोऱ्यांपासून सारख्याच अंतरावर उभ्या असलेल्या माणसाचा विचार करावा. तिन्हींच्या लहरी त्याच्याकडे साधारण सारख्याच बळाने येतात. म्हणजे कामाच्या एका भागामागे व्यत्ययाचे दोन भाग! तिन्ही मनोऱ्यांची शक्ती दुप्पट केली तरी हे प्रमाण तेच राहते. वर्गातील सर्वच मुलांनी आवाज चढवला तर एकाचेही उत्तर गुरुजींना कळत नाही, तसाच हा प्रकार. फोनवर संकेताच्या दांड्या भरपूर दिसूनही शब्द तुटतात, याचे एक कारण हेच. येथे उपाय बळाचा नसून संयमाचा आहे: जरुरीपुरतीच शक्ती वापरणे, अँटेना खाली झुकवणे आणि सीमेवरील ग्राहकासाठी शेजारच्या मनोऱ्यांनी आपापल्या वेळा व लहरी वाटून घेणे.

हे सारे परिश्रमाचे व खर्चाचे काम आहे. ते टाळण्याची सोय सरासरी करून देते. दहा मनोऱ्यांवर प्रत्येकी शंभर कॉल झाले, नऊ ठिकाणी एकही तुटला नाही आणि दहाव्यावर वीस तुटले, असे समजा. सरासरी दोन टक्के. म्हणजे नियमात बसणारी! दहाव्या मनोऱ्याखालच्या ग्राहकाचा मात्र दर पाचवा कॉल तुटतो. पूर्वी संपूर्ण सेवाक्षेत्राची अशी सरासरीच पाहिली जाई. २०१७ साली प्राधिकरणाने निकष बदलला आणि किती मनोरे किती दिवस मर्यादा पाळतात, याचा हिशेब मागितला. ही सुधारणा योग्य दिशेची होती.

शाळेचा निकाल अठ्ठ्याण्णव टक्के लागला म्हणून नापास मुलाच्या बापाचे समाधान होत नाही; तो आपल्या मुलाचे गुणपत्रक मागतो. दूरध्वनीच्या ग्राहकानेही तेच करावे. देशाची वा राज्याची सरासरी नव्हे, तर आपल्या वस्तीतील मनोऱ्यावर किती कॉल तुटतात, हा आकडा त्याने मागितला पाहिजे. सीमेवर राहणारा ग्राहक बिल मात्र पूर्णच भरत असतो.