यंत्रांसाठी वेगळे दार

ट्विटर ही सेवा 2006 साली सुरू झाली आणि त्याच वर्षीच्या सप्टेंबर महिन्यात तिने आपल्या वास्तूला दुसरे एक दार ठेवले. पहिले दार माणसांसाठी होते. त्यातून आत शिरावे, पडद्यावरील मजकूर वाचावा, चार शब्द लिहावेत. दुसरे दार केवळ संगणकाच्या प्रोग्रामांसाठी होते व त्यालाच एपीआय असे म्हणतात. माणसांसाठी मांडलेल्या पानात सजावट असते आणि तिची रचना वरचेवर बदलते. एपीआयच्या दाराशी मात्र ठरलेल्या पत्त्यावर, ठरलेल्या नमुन्यात विचारणा करावयाची असते आणि उत्तरही जेसन नावाच्या एका साच्यात, नाव व मूल्य अशा जोड्यांच्या रूपाने मिळते.

या दाराचा उपयोग काय, हे अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण संस्थेने चांगले दाखवून दिले. भूकंपमापक यंत्रे सर्वत्र सारखी पसरलेली नाहीत. पण जमीन हादरताच लोक लिहू लागतात. निरनिराळ्या भाषांतील ‘भूकंप’ या अर्थाचे शब्द असलेल्या नोंदी संस्थेचा प्रोग्राम अखंड वेचीत असे. ज्यांना खरोखर हादरा बसला आहे ते फार थोडक्यात लिहितात, असे तिच्या शास्त्रज्ञांच्या ध्यानात आले. म्हणून सातांहून अधिक शब्द असलेल्या किंवा दुवा जोडलेल्या नोंदी वगळल्या जात. 24 ऑगस्ट 2014 रोजी कॅलिफोर्नियातील नापा येथे झालेला भूकंप या रीतीने अर्ध्या मिनिटाच्या आत ओळखता आला.

दार उघडे असले तरी त्यावर पहारा असतो. प्रत्येक प्रोग्रामाला चार गुप्त अक्षरमाला दिल्या जात: दोन प्रोग्रामाच्या ओळखीच्या आणि दोन ज्याच्या वतीने तो बोलतो त्या व्यक्तीच्या. प्रत्येक विचारणेवर या किल्ल्यांच्या साहाय्याने गणिती सही करावी लागे. त्या सहीत विचारणेचा पत्ता, सर्व तपशील, त्या क्षणाची वेळ आणि पुन्हा न वापरावयाची एक यादृच्छिक संख्या गुंफलेली असे. एक अक्षर चुकले, किंवा संगणकाचे घड्याळ फारच मागेपुढे असले, तरी उत्तरात नकार येई; आणि चूक नेमकी कोठे झाली हे त्या नकारावरून सहसा कळत नसे.

मराठी शब्दाच्या बाबतीत तर हे काम अधिकच किचकट होते. ‘पूर’ हा शब्द शोधावयाचा आहे, असे समजू. डोळ्यांना त्यात दोन अक्षरे दिसतात. संगणक मात्र प, दीर्घ ऊकार आणि र अशी तीन चिन्हे मोजतो. युनिकोडच्या प्रचलित साठवणीत, म्हणजे यूटीएफ-8 मध्ये, देवनागरीचे प्रत्येक चिन्ह 3 बाइट घेते, म्हणजे एकूण 9 बाइट झाले. पत्त्यात लिहिताना प्रत्येक बाइटमागे टक्केवारीचे चिन्ह व दोन अंकाक्षरे येतात. शब्दाची लांबी 27 होते. सहीसाठी हीच माला आणखी एकदा त्याच रीतीने लिहावी लागते, कारण टक्केवारीचे चिन्हही आता सांकेतिक रूपात जाते. लांबी 45 वर पोहोचते. असला उद्योग हाताने कोणी करू नये.

तो करण्यासाठीच क्लायंट लायब्ररी असते. येथे लायब्ररी म्हणजे वाचनालय नव्हे. इतरांनी लिहून, तपासून ठेवलेल्या आज्ञांचा तो संग्रह होय. पायथन या संगणकभाषेसाठी 2009 साली ट्वीपी ही लायब्ररी तयार झाली. ती विनामूल्य होती, आणि तिची संहिता कोणालाही वाचता येत असे. किल्ल्या एकदा तिच्या स्वाधीन केल्या की शोधाची आज्ञा एका ओळीत देता येई. सह्या, सांकेतिक लेखन आणि उत्तराची उकल ती स्वतः करी.

तिची दुसरी कामगिरी संयमाची होती. ट्विटरच्या 2012 सालच्या नियमावलीनुसार शोधाच्या 180 विचारणा दर 15 मिनिटांत करता येत, आणि एका विचारणेत फार तर 100 नोंदी मिळत. म्हणजे एका अवधीत 18,000 नोंदी. मर्यादा ओलांडली की 429 हा क्रमांक परत येई. उतावीळ प्रोग्राम पुन्हापुन्हा दार ठोठावीत राहतो. ट्वीपीला एकदा तशी सूचना दिली की ती अवधी संपेपर्यंत स्वस्थ थांबे आणि मग जेथे काम थांबले होते त्याच पानापासून पुढे जाई.

मालकाच्या मर्जीपुढे मात्र कोणत्याही लायब्ररीचा इलाज चालत नाही. ऑगस्ट 2010 अखेर ट्विटरने नुसत्या पासवर्डावर प्रवेश देणे बंद केले. हा बदल इष्टच होता, कारण तोवर लोक आपला पासवर्ड हव्या त्या प्रोग्रामाच्या हाती देत असत. जून 2013 मध्ये नियमावलीची पहिली आवृत्ती निवृत्त झाली. अशा वेळी लायब्ररीची नवी आवृत्ती घेतली की बहुधा भागत असे. 2023 साली घडले ते वेगळे होते. जानेवारी 2021 पासून विद्यापीठीय संशोधकांना महिन्याला 1 कोटी नोंदी मिळण्याची सोय होती. 2 फेब्रुवारी 2023 रोजी विनामूल्य प्रवेश बंद करण्याची घोषणा झाली, मार्चअखेर नवे दर आले आणि ही सोयही त्याच वर्षी संपली. सशुल्क श्रेणींपैकी खालची महिना 100 डॉलरांची, तिच्या वरची 5,000 डॉलरांची होती. ट्वीपीतील एकही आज्ञा चुकीची ठरली नव्हती. तिने नेलेली विचारणा दारावरून परत येऊ लागली, एवढेच. जुलैत सेवेचे नावही बदलून एक्स झाले.

काही प्रोग्रामकार तेव्हा मॅस्टोडॉनकडे वळले. 2016 साली सुरू झालेली ही सेवा एका मालकाची नसून स्वतंत्र सर्व्हरांची मिळून बनली आहे; तिच्यासाठीही पायथनची लायब्ररी उपलब्ध आहे. तेथे प्रोग्राम स्वतःची नोंदणी स्वतःच करू शकतो, प्रत्येक विचारणेवर सही करावी लागत नाही, आणि साधारणपणे 5 मिनिटांत 300 विचारणांची मुभा असते. मात्र ही नोंदणी त्या एका सर्व्हरापुरतीच चालते. दुसऱ्या सर्व्हरवरील खात्याच्या वतीने बोलावयाचे तर तेथे नव्याने नोंदणी करावी लागते आणि नवी किल्ली घ्यावी लागते.