‘परवानगी नाही’ म्हणजे रूट हवंच असं नाही

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नियमित सपोर्ट संपला. विंडोज ११ च्या अटींत न बसणारे, पण अजून ठणठणीत असलेले लॅपटॉप घराघरांत पडून आहेत आणि त्यांतल्या काहींवर आता लिनक्स बसतंय. मिंट किंवा उबंटू बसवणं आता अवघड राहिलेलं नाही. ब्राउझर चालतो, मराठी टायपिंग सुरू होतं. मग कधीतरी जुन्या पार्टिशनवर फोटो कॉपी करायला जावं, तर ‘पेस्ट’ पुसट दिसतं, फोल्डरवर कुलपाचं चिन्ह असतं, नाहीतर ‘परमिशन डिनाइड’ असा संदेश येतो.

त्यावर दोन सल्ले हमखास मिळतात. एक, फाइल मॅनेजर रूट म्हणून, म्हणजे सर्वाधिकार असलेल्या खात्यानं उघडा. दोन, सगळ्याला ७७७, म्हणजे सगळ्यांना सगळ्या परवानग्या, देऊन टाका. दोन्हींनी त्या वेळचं काम बरेचदा होतं, म्हणूनच हे सल्ले वर्षानुवर्षं टिकून आहेत. त्यांनी मागे काय बिघडवलं ते कधी आठवड्यानं, कधी महिन्यानं कळतं, आणि तोवर सल्ल्याचा आणि बिघाडाचा संबंध कुणी जोडत नाही. नवा माणूस ‘लिनक्स किचकट आहे’ म्हणत परत फिरतो. याचं मला खरंच वाईट वाटतं, कारण संदेश बहुतेक वेळा बरोबर असतो, चुकतो तो त्यावरचा उपाय.

‘लॅपटॉप माझा, मग मला परवानगी का नाही?’

लिनक्स तुम्हाला नावानं ओळखत नाही, आकड्यानं ओळखतं. उबंटू, मिंट, डेबियन किंवा फेडोरा बसवताना तयार होणाऱ्या पहिल्या खात्याचा क्रमांक १००० असतो, रूटचा शून्य. प्रत्येक फाइलवर मालकाचा क्रमांक, गटाचा क्रमांक आणि तीन जणांसाठीच्या परवानग्या नोंदलेल्या असतात : मालक, गट आणि इतर. वाचण्याचे ४, लिहिण्याचे २, चालवण्याचा १, अशी बेरीज करायची. ६४४ म्हणजे मालक वाचू-लिहू शकतो, बाकीचे फक्त वाचू शकतात. फाइलवर राइट-क्लिक करून प्रॉपर्टीजमध्ये परमिशन्स पाहिल्या की हेच दिसतं. टर्मिनलमध्ये ‘एलएस -एल’ तेच एका ओळीत दाखवतं.

ही रचना १९७० च्या दशकात बेल लॅब्जमधल्या युनिक्समध्ये आकाराला आली, तेव्हा एका यंत्रावर अनेक माणसं काम करत. आज लॅपटॉप एकट्याचा असला तरी त्यावर छपाईची, नेटवर्कची, वेळ जुळवण्याची अशी अनेक खाती आपापलं काम करत असतात. सेटिंगचा ईटीसी आणि प्रोग्रॅमांचा यूएसआर हे फोल्डर रूटच्या मालकीचे असतात ते त्यामुळेच. तुमच्या नावानं चुकून चाललेली एखादी वाईट स्क्रिप्ट तिथले प्रोग्रॅम बदलू शकत नाही. तुमचे फोटो आणि कागदपत्रं मात्र ती पुसू शकते, कारण ती तुमचीच आहेत. त्यांचं रक्षण परवानग्या करत नाहीत, बॅकअप करतो.

आकड्यावरून ओळख पटते, यातून आणखी एक गोष्ट निघते. लिनक्सच्या ईएक्सटी४ या फॉरमॅटमधली हार्डडिस्क एका संगणकावरून दुसऱ्यावर नेली की तिच्यावरचा १००१ क्रमांक तिथे भलत्याच माणसाचा असू शकतो. नवी फॉरमॅट केलेली डिस्क बऱ्याचदा रूटच्याच मालकीची असते. दोन्ही ठिकाणी परवानग्या सैल करायच्या नसतात, मालक बदलायचा असतो, आणि त्यासाठी ‘सीएचओन’ ही कमांड आहे.

‘फाइल मॅनेजर रूट म्हणून उघडला की प्रश्न मिटला’

टर्मिनलमध्ये ‘सुडो नॉटिलस’ (‘सुडो’ म्हणजे रूटच्या अधिकारानं चालव, नॉटिलस हा उबंटूचा फाइल मॅनेजर) लिहिलं की बरेचदा खिडकी उघडते आणि तिला कुठेच अडवणूक होत नाही. पण त्या खिडकीत तुम्ही केलेली प्रत्येक नवी गोष्ट रूटच्या मालकीची होते. तुमच्याच डॉक्युमेंट्समध्ये तिथून पेस्ट केलेला फोल्डर दुसऱ्या दिवशी साध्या खिडकीत उघडतो, पण त्यात काही बदलता येत नाही. तिथून पुसलेल्या फाइल्स रूटच्या कचरापेटीत जातात. तुमची कचरापेटी रिकामी दिसते आणि डिस्क मात्र भरलेलीच राहते.

याहून मोठा त्रास लॉगिनचा. घरच्या फोल्डरात ‘.एक्सऑथॉरिटी’ नावाची एक लपलेली फाइल असू शकते. रूट म्हणून चालवलेल्या एखाद्या प्रोग्रॅममुळे तिची मालकी रूटकडे गेली, तर पुढच्या वेळी पासवर्ड बरोबर टाकूनही पडदा क्षणभर काळा होतो आणि पुन्हा लॉगिनचीच चौकट समोर येते. अशा वेळी लोक पासवर्ड विसरलो असं समजतात, काही जण तर सगळं पुन्हा बसवतात. खरं तर कंट्रोल, ऑल्ट आणि एफ३ दाबून साध्या टर्मिनलमध्ये जायचं, लॉगिन करायचं आणि त्या एका फाइलची मालकी आपल्या नावावर करून घ्यायची, एवढंच पुरतं.

फाइल मॅनेजर दिसतो त्यापेक्षा बरंच जास्त काम करतो. फोटोंची छोटी चित्रं बनवतो, व्हिडिओची पहिली चौकट काढतो, प्लगिन चालवतो. रूट म्हणून उघडल्यावर हे सगळं रूटच्या अधिकारानं चालतं, आणि माउसवरचं बोट जरा घसरलं तरी ईटीसीतला फोल्डर शेजारच्या फोल्डरात जाऊन पडतो. केडीईच्या डॉल्फिन या फाइल मॅनेजरनं तर २०१७ मध्ये रूट म्हणून चालायलाच नकार दिला. तो निर्णय पुढे थोडा सैल झाला, पण त्यामागचा विचार योग्यच होता. त्याच वर्षी उबंटू १७.१० मध्ये खिडक्या पडद्यावर दाखवणारी वेलँड ही नवी व्यवस्था आली आणि सुडोनं उघडलेल्या अनेक खिडक्या पडद्यावर येईनाशा झाल्या. खिडक्या रूट म्हणून उघडणाऱ्या ‘जीकेसुडो’ची शिफारस करणारे जुने धडे आज चालत नाहीत, कारण तो प्रोग्रॅम उबंटूमधून १८.०४ पासून काढलेला आहे. तेव्हा तो चालला नाही तर दोष तुमच्या यंत्रात शोधू नका.

आजचा मार्ग यापेक्षा सोपा आहे. उबंटूच्या फाइल मॅनेजरमध्ये कंट्रोल-एल दाबलं की पत्त्याची ओळ लिहिण्याजोगी होते. तिथे रोमन अक्षरांत अ‍ॅडमिन, मग कोलन, दोन तिरक्या रेघा आणि त्यापुढे फोल्डरचा पूर्ण पत्ता लिहायचा. पासवर्ड विचारला जातो आणि जादा अधिकार फक्त त्या फाइलींवरच्या कामाला मिळतो, सगळ्या खिडकीला नाही. डॉल्फिनसाठी हेच काम ‘केआयओ-अ‍ॅडमिन’ करतं. मिंटच्या नेमो या फाइल मॅनेजरमध्ये राइट-क्लिकवर ‘ओपन अ‍ॅज रूट’ आहे, तिथे खिडकीवर लाल पट्टी येते. ती पट्टी दिसत असेतो दुसरं काहीही करू नका, काम झालं की खिडकी बंद करा. एखादीच सेटिंगची फाइल बदलायची असेल तर ‘सुडोएडिट’ सगळ्यात चांगलं. एडिटर तुमच्याच नावानं चालतो, बदल एका प्रतीवर होतात आणि सेव्ह करून बाहेर पडल्यावर ती प्रत मूळ जागी लिहिली जाते.

‘७७७ दिलं की सगळं चालतं’

सगळ्या चुकीच्या सल्ल्यांत हा मला सर्वांत घातक वाटतो. ७७७ म्हणजे त्या यंत्रावरचं कुठलंही खातं ती फाइल वाचू, बदलू आणि चालवू शकतं. त्यात वेबसाइट चालवणारं खातंही आलं. साइटमधल्या एका फटीतून आत आलेल्या माणसाला मग बाकी काही फोडावं लागत नाही.

शिवाय ‘सगळं चालतं’ हेही खरं नाही, कारण काही गोष्टी ७७७ मुळेच बंद पडतात. दुसऱ्या संगणकावर लॉगिन करण्यासाठीच्या एसएसएचची खासगी किल्ली इतरांना वाचता येत असेल तर एसएसएच ती वापरायला नकार देतं. तिला ६०० लागतं. सुडोची सेटिंगची फाइल कुणालाही लिहिता येत असेल तर सुडो चालतच नाही. सुडोच्या प्रोग्रॅमवर ‘सेटयूआयडी’ नावाची एक खास खूण असते, तिच्यामुळे तो कुणीही चालवला तरी रूटच्या अधिकारानं चालतो. ही कल्पना युनिक्सच्या जनकांपैकी एक असलेल्या डेनिस रिची यांची. यूएसआर फोल्डरवर आतल्या सगळ्यासकट ‘सीएचमॉड ७७७’ ही परवानग्या बदलणारी कमांड चालवली की ही खूण पुसली जाते. म्हणजे परवानगीचा प्रश्न सोडवायला निघालेला माणूस परवानगी मिळवण्याचं साधनच मोडून बसतो.

याला ‘अनडू’ नाही. आधीच्या परवानग्या सिस्टिम आपणहून कुठेही जपून ठेवत नाही. मुळापासून सगळीकडे ७७७ दिलं गेलं असेल तर पेनड्राइव्हवरून लिनक्स सुरू करा, फाइल्स बाहेर काढा आणि सिस्टिम पुन्हा बसवा. एकेक परवानगी दुरुस्त करत बसण्यापेक्षा त्याला कमी वेळ लागतो.

स्वतःच्या फोल्डरात परवानग्या खरोखर बिघडल्या असतील तर ‘सीएचमॉड’ला आकड्याऐवजी अक्षरं द्या : ‘यू+आरडब्ल्यूएक्स’, त्यातला एक्स मोठा. मोठ्या एक्समुळे चालवण्याची परवानगी फोल्डरांना आणि आधीपासून चालवता येणाऱ्या फाइलींनाच मिळते, लग्नाच्या फोटोंना नाही.

‘विंडोजच्या पार्टिशनवर सीएचमॉड चालवलं, तरी ऐकत नाही’

ऐकणार नाहीच. फॅट३२ आणि एक्सफॅट या फॉरमॅटमध्ये मालक आणि परवानग्या नोंदवायला जागाच नाही. एनटीएफएसमध्ये परवानग्या आहेत, पण त्या विंडोजच्या पद्धतीच्या. अशी डिस्क जोडली जाते त्याच क्षणी लिनक्स सगळ्या फाइलींना एकच मालक आणि सारख्या परवानग्या देऊन टाकतं. बदल करायचा तर डिस्क कशी जोडली जाते ते बदलावं लागतं.

पण लॅपटॉपवर दोन्ही सिस्टिम असतील तर खरं कारण बहुधा वेगळंच असतं. विंडोजचं ‘फास्ट स्टार्टअप’ सुरू असेल तर ‘शटडाउन’ केल्यावरही विंडोज पुरतं बंद होत नाही, अर्धवट झोपलेल्या अवस्थेत राहतं. त्या पार्टिशनवर लिनक्सनं लिहिलं तर डेटा खराब होऊ शकतो, म्हणून लिनक्स ते फक्त वाचण्यापुरतं जोडतं किंवा जोडतच नाही. यावर लिनक्समध्ये जबरदस्ती करू नका. विंडोजमध्ये जाऊन फास्ट स्टार्टअप बंद करा, मग यंत्र बंद करा. एकदाच काम भागवायचं असेल तर विंडोजमधून ‘रीस्टार्ट’ देऊन थेट लिनक्समध्ये या, कारण रीस्टार्टच्या वेळी विंडोज पूर्ण बंद होतं.

आणि चांगली चालणारी लिनक्सची डिस्क अचानक ‘रीड-ओन्ली’ झाली तर परवानग्यांना हातही लावू नका. डिस्कवर चूक आढळली की ती आणखी वाढू नये म्हणून उबंटू आणि डेबियनमध्ये ईएक्सटी४ सहसा लिहिणं थांबवतं. ‘डीमेसेज’ या कमांडच्या शेवटच्या ओळींत डिस्कच्या चुका दिसल्या तर आधी बॅकअप घ्या, बाकीचं नंतर.

‘फाइलवर लिहायची परवानगी नाही, म्हणजे ती पुसताही येणार नाही’

इथे भलेभले गोंधळतात. फोल्डर म्हणजे एक हजेरीपट आहे : कोणतं नाव आणि त्याची फाइल कुठे, एवढंच त्यात असतं. फाइल पुसणं म्हणजे पटावरचं नाव खोडणं, त्यामुळे पटावर लिहायची परवानगी आहे की नाही एवढंच पाहिलं जातं. म्हणून तुमच्या फोल्डरातली रूटच्या मालकीची फाइल तुम्हाला बदलता येत नाही, पण पुसता येते. टेम्प फोल्डर सगळ्यांसाठी खुला असतो. तिथे एकानं दुसऱ्याची फाइल पुसू नये म्हणून ‘स्टिकी बिट’ लावलेला असतो.

फोल्डरावरचा एक्स, म्हणजे चालवण्याची परवानगी, हीही अशीच लक्षातून निसटते. फोल्डरावर तिचा अर्थ फोल्डरातून पुढे जाण्याची परवानगी. फाइल सगळ्यांना वाचता येत असली तरी वाटेतल्या एका फोल्डरावर एक्स नसेल तर तिच्यापर्यंत पोचताच येत नाही. उबंटू २१.०४ पासून नवी घरची फोल्डरं ७५५ ऐवजी ७५० नं तयार होतात, म्हणजे इतरांना दार बंद. घरच्या फोल्डरात ठेवलेली वेबसाइट नव्या उबंटूवर ‘फॉरबिडन’ दाखवते ती त्यामुळे. ‘नेमआय -एल’ ही कमांड पत्त्यातल्या प्रत्येक पायरीच्या परवानग्या एकाखाली एक दाखवते, अडलेली पायरी लगेच सापडते.

‘रूट काहीही करू शकतो’

असंही नाही. फाइलवर ‘सीएचॲटर’ या कमांडनं आय ही खूण लावली असेल तर रूटलाही ती खूण काढल्याशिवाय ती फाइल पुसता येत नाही. फेडोरामध्ये एसईलिनक्स हा पहारेकरी परवानग्यांच्या वरचा आहे. स्नॅप आणि फ्लॅटपॅकमधून बसवलेले प्रोग्रॅम आपापल्या कुंपणात चालतात. तुमच्या फाइल मॅनेजरला दिसणारी फाइल त्यांना दिसत नसेल तर परवानगी सीएचमॉडनं द्यायची नसते, त्या प्रोग्रॅमच्या सेटिंगमध्ये द्यायची असते. आणि सुडोचा पासवर्ड टाइप करताना पडद्यावर काही उमटलं नाही तर कीबोर्ड बिघडला असं समजू नका. अक्षरं जात असतात, एंटर दाबा.

एवढं करूनही अडलात तर जरूर मदत मागा. त्या वेळी तीन गोष्टी सोबत द्या : संदेशाचा पूर्ण मजकूर, त्या फाइलीवर आणि तिच्या फोल्डरावर ‘एलएस -एल’ काय दाखवतं ते, आणि ती डिस्क कुठल्या फॉरमॅटची आहे ते. हे न विचारताच कुणी ७७७ सुचवलं, तर ती कमांड चालवू नका.