‘का’ कळलं नाही, ‘कसं’ कळलं

१ ऑक्टोबर २०१७ च्या रात्री लास व्हेगासमधल्या मॅन्डले बे हॉटेलच्या बत्तिसाव्या मजल्यावरून एका माणसाने समोरच्या मैदानावरच्या संगीत महोत्सवावर गोळ्या झाडल्या. सुमारे दहा मिनिटं, हजाराहून जास्त गोळ्या. त्या रात्री ५८ माणसं गेली, पुढे जखमांनी आणखी दोघं दगावली. मारेकऱ्याचं नाव इथे लिहीत नाही. नाव गाजावं म्हणून हत्याकांड करणारे असतात, त्यात आपण भर घालू नये असं मला मनापासून वाटतं.

अशा घटनेनंतर पहिला गैरसमज लगेच पसरतो: आधी हेतू कळू द्या, मग कायद्याचं बोलू. लास व्हेगासमध्ये इसिसने जबाबदारी घेतली, समाजमाध्यमांवर भलत्याच माणसांची नावं फिरली. तपासात इसिसशी काहीही संबंध सापडला नाही. पोलिसांनी २०१८ मध्ये तपास बंद केला, एफबीआयच्या वर्तनतज्ज्ञांचा अहवाल जानेवारी २०१९ मध्ये आला, आणि त्याचा निष्कर्ष होता की एकच एक स्पष्ट हेतू सांगता येत नाही. म्हणजे हेतूची वाट पाहणारे आजही वाट पाहत बसले असते.

बंदुका कुठून आल्या हे मात्र काही दिवसांतच कळलं होतं. मारेकऱ्याने त्या बंदुका दुकानांतून, कायद्याने, पार्श्वभूमी तपासणी पार करून घेतल्या होत्या. वर्षभरात पन्नासहून अधिक, बहुतेक रायफली. मग कुणाच्या लक्षात कसं आलं नाही? एकाच गिऱ्हाइकाने कामकाजाच्या पाच दिवसांत दोन पिस्तुलं घेतली तर दुकानदाराला केंद्रीय यंत्रणेला कळवावं लागतं. रायफलींसाठी तसा नियम फक्त मेक्सिकोच्या सीमेवरच्या चार राज्यांत आहे. नेवाडा त्यात नाही. तपासणी प्रत्येक खरेदीची होत होती, सगळ्या खरेद्यांचा ढीग कुणीच पाहत नव्हतं.

‘अमेरिकेत भाजी घ्यावी तशी बंदूक मिळते’ हे आपल्याकडचं आवडतं वाक्य. ते अर्धंच खरं आहे. परवानाधारक दुकानात फॉर्म भरावा लागतो, नोंदी तपासल्या जातात. फटी आहेत त्या वेगळ्या. केंद्रीय कायद्यानुसार खासगी विक्रेत्याला अशी तपासणी करावी लागत नाही, आणि तीन कामकाजाच्या दिवसांत उत्तर आलं नाही तर दुकानदार विक्री करू शकतो. २०१५ मध्ये चार्ल्सटनच्या चर्चमध्ये नऊ जणांना मारणाऱ्याला पिस्तूल मिळालं ते याच दुसऱ्या फटीतून. पहिली फट कोलोरॅडोतल्या कोलंबाइन शाळेवरच्या हल्ल्यात दिसली होती. १९९९ च्या त्या हल्ल्यातले दोघे मारेकरी ‘लांब कोटवाल्या टोळी’तले छळलेले विद्यार्थी होते, ही गोष्ट जगभर रूढ झाली आणि ती पुढे टिकली नाही. पण चारपैकी तीन बंदुका त्यांच्या एका अठरा वर्षांच्या मैत्रिणीने शस्त्रमेळ्यात खासगी विक्रेत्यांकडून घेतल्या, हे टिकलं. कोलोरॅडोच्या मतदारांनी २००० मध्ये थेट मतदान करून मेळ्यातली ती वाट बंद केली.

‘मनोरुग्ण होता’ हे उत्तर तर आपल्याही घरांत चटकन दिलं जातं. लेक, भाचा, पुतण्या कुणीतरी तिकडे असतं. तिकडच्या शाळेतली नातवंडं दार लावून, दिवे मालवून, कोपऱ्यात गप्प बसण्याचा सराव करतात, हे फोनवर ऐकून आजी-आजोबांच्या पोटात गोळा येतो, आणि ‘वेडा असेल’ म्हटलं की जरा सुटका वाटते. पण अमेरिकेतल्या एकूण हिंसेत गंभीर मनोविकाराचा वाटा जेमतेम चार टक्क्यांच्या आसपास मानला जातो. मानसिक आजार आणि बंदूक यांचा खरा घातक संबंध दुसरीकडेच आहे. २०२१ मध्ये तिथे बंदुकीने ४८,८३० माणसं मेली, त्यातल्या २६,३२८ आत्महत्या होत्या. त्यांची ब्रेकिंग न्यूज होत नाही.

राज्यघटनेमुळे तिथे बंदुकांवर कोणताही कायदा करता येत नाही, हाही समज चुकीचा. शस्त्र बाळगणं हा व्यक्तीचा हक्क आहे असं सांगणाऱ्या २००८ च्या हेलर निकालातच तो हक्क अमर्याद नाही असंही म्हटलं आहे.

आता बंप स्टॉक. लास व्हेगासमुळे हा शब्द जगाला कळला. तो एआर-१५ सारख्या रायफलीला लावतात. ती रायफल स्वयंचलित नसते, एका दाबाला एकच गोळी सुटते. बंप स्टॉक म्हणजे मागे-पुढे सरकणारा दस्ता. गोळी सुटली की धक्क्याने रायफल मागे येते, डाव्या हाताच्या रेट्याने पुढे जाते, आणि जागेवर धरलेल्या बोटावर घोडा पुन्हा आपटतो. बोट हलत नाही, गोळ्या मशीनगनसारख्या सुटत राहतात. ट्रम्प सरकारने नियम बदलून त्याला मशीनगन ठरवलं आणि त्यावर २०१९ पासून बंदी आणली.

ही बंदी शस्त्र बाळगण्याच्या हक्कामुळे रद्द झाली, असं अनेक ठिकाणी लिहिलं गेलं. तसं नाही. १४ जून २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी निकाल दिला तो मशीनगनच्या कायदेशीर व्याख्येवर: दर गोळीमागे घोडा पुन्हा दाबला जातो, म्हणून ही मशीनगन नव्हे. बहुमतातले न्यायमूर्ती अलिटो यांनी स्वतंत्र टिपणात लिहिलं की उपाय सोपा आहे, काँग्रेस कायदा दुरुस्त करू शकते. चारच दिवसांनी सेनेटमध्ये तसं विधेयक एकमताने मंजूर करण्याची मागणी झाली. एका सदस्याने हरकत घेतली, आणि ते तिथेच थांबलं.